वकिलात बंद, फाइल चालू

कोविडमुळे १६ मार्च २०२० पासून भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी व्हिसाच्या नेहमीच्या मुलाखती रद्द केल्या आणि २० मार्चला तोच निर्णय जगभर लागू झाला. नवरा-बायकोपैकी एक जण अमेरिकेत आणि एक जण इकडे अशा शेकडो घरांत तेव्हा एकच परिस्थिती होती: आय-१३० (जोडीदाराला तिकडे बोलावण्यासाठी अमेरिकेतल्या माणसाने केलेला अर्ज) मंजूर, फी भरलेली, कागद अपलोड केलेले, आणि पुढचं सगळं ठप्प. त्या सगळ्या काळात फाइल सांभाळताना जे कळलं, ते इथे लिहितो आहोत. वकिलाती पुन्हा कधी बंद पडल्या, किंवा नुसत्या रेंगाळल्या तरी हे उपयोगी पडेल. बंदच्या काळात रांग थांबते, पण कागदांच्या मुदती चालूच राहतात. म्हणून वाट पाहणाऱ्याचं खरं काम असतं ते फाइल सतत मुलाखतीच्या लायक ठेवण्याचं.

सगळ्यात आधी आपली फाइल नेमकी कुठे आहे ते पाहा. सीईएसी या अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्हिसा संकेतस्थळावर केस नंबर टाकला की कळतं. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या, म्हणजे कायमचं राहायला जाण्याच्या व्हिसाच्या, मुलाखती मुंबईतच होतात, त्यामुळे केस नंबरची सुरुवात बीएमबी या अक्षरांनी होते. पुढे ‘ॲट एनव्हीसी’ दिसत असेल तर फाइल अजून न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी), म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या कार्यालयाकडे, आहे. ‘इन ट्रान्झिट’ किंवा ‘रेडी’ दिसत असेल तर ती मुंबईला निघाली आहे किंवा पोचली आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. ज्यांची मुलाखत ठरून मग रद्द झाली, त्यांची फाइल मुंबईतच राहिली. त्यांना नवी तारीख कॉन्सुलेटकडूनच मिळणार होती. ज्यांना तारीख मिळालीच नव्हती ते एनव्हीसीच्या रांगेत होते. कित्येक जण महिनोन् महिने चुकीच्या दारावर थाप मारत राहिले आणि ‘तुमची केस आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर घेऊन बसले.

एनव्हीसीची रांग लागते ती डीक्यूच्या तारखेवर. फॉर्म, फी आणि कागद सगळं तपासून ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ असा ईमेल आला, तो दिवस म्हणजे तुमचा नंबर. आय-१३० कधी भरला याला इथे किंमत नाही. त्यामुळे कॉन्सुलेट बंद आहे म्हणून कागद सावकाश अपलोड करू, हा विचार सगळ्यात महागात पडतो. बंदच्या काळात ज्यांनी हात चालू ठेवला ते दारं उघडल्यावर पुढे होते. दोन्ही फी आधीच भरून टाका: इमिग्रंट व्हिसाची ३२५ डॉलर आणि ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्टची (येणाऱ्याचा खर्च उचलण्याच्या हमीपत्राची) १२० डॉलर. त्या जमा झाल्याशिवाय डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, उघडतच नाही. आणि वर्षातून निदान एकदा एनव्हीसीशी संपर्क ठेवा: लॉगिन करा, नाही तर प्रश्न पाठवा. वर्षभर हालचाल नसेल तर केस बंद करण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात आहे.

तारखा कशा सुटतात तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे एजंटांच्या भूलथापांपासून सुटका होते. दर महिन्याला कॉन्सुलेट एनव्हीसीला सांगतं की आम्ही इतक्या मुलाखती घेऊ शकतो, आणि एनव्हीसी रांगेतल्या तेवढ्या केसना पत्र पाठवतं. टुरिस्ट व्हिसाची तारीख अर्जदार स्वतः बुक करतो, तशी ही करता येत नाही. तेव्हा ‘पैसे द्या, लवकरची तारीख काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात काहीही नाही, हे पक्कं समजा. चौकशीचे साधे ईमेल लिहिण्यासाठी वकिलाला वेगळे पैसे देणं हेही आमच्या मते वाया जातं. अर्जदारावर जुना गुन्हा, आधीची व्हिसाबंदी किंवा किचकट घटस्फोट असेल तर वकील जरूर घ्यावा.

त्या वर्षी पाठोपाठ आलेल्या आदेशांनी गोंधळ आणखी वाढवला. २३ एप्रिल २०२० च्या रात्री लागू झालेल्या अमेरिकी अध्यक्षांच्या १००१४ क्रमांकाच्या घोषणेने बऱ्याच इमिग्रंट व्हिसांवर बंदी आणली. अमेरिकी नागरिकाच्या पती-पत्नीला, म्हणजे सीआर-१ (लग्नाला दोन वर्षं झालेली नसताना) आणि आयआर-१ (झाल्यावर) ला, तीतून सूट होती. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला, म्हणजे एफ-२ए ला, सूट नव्हती. तेव्हा व्हिसा बुलेटिनमध्ये एफ-२ए ‘करंट’ (म्हणजे कोट्याची वाट पाहायला नको) दिसत होतं, त्यामुळे लोकांना वाटे की आता बोलावणं येईल; पण घोषणा २४ फेब्रुवारी २०२१ ला मागे घेतली जाईपर्यंत ती दारं बंदच राहिली. मग ३० एप्रिल २०२१ ला परराष्ट्र खात्याने चार गटांचा क्रम जाहीर केला. पहिल्या गटात दत्तक मुलं, वयाची मर्यादा ओलांडायला आलेले अर्जदार आणि तातडीच्या केसेस. दुसऱ्यात नागरिकांचे जवळचे नातेवाईक आणि फियान्से. तिसऱ्यात एफ-२ए सकट बाकीचे कौटुंबिक गट. आणि चौथ्यात नोकरीवर आधारलेले व इतर. त्याच सुमारास दुसऱ्या लाटेमुळे इथे दिलेल्या तारखा पुन्हा रद्द होत होत्या.

एफ-२ए मधल्या जोडीदाराला यातून एक वाट होती आणि आजही आहे. तिकडचा माणूस नागरिक झाला की नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत एनव्हीसीच्या ऑनलाइन चौकशी फॉर्ममधून पाठवायची आणि केस आयआर-१ किंवा सीआर-१ मध्ये बदलून मागायची. नवा आय-१३० लागत नाही. इथे एक धोका मात्र नीट पाहा. एफ-२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या केसबरोबर येतात. नागरिकाच्या जोडीदाराच्या गटात तसं येता येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. हे न तपासता केस बदलली तर आईचा व्हिसा होतो आणि मूल मागे राहतं.

आता कागद. यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे नाव, आणि मराठी घरांत तो जास्तच नाजूक. लग्नाआधी मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं. विवाह नोंदणीच्या नमुना ‘ई’ वर लग्नाआधीचं नाव असतं. आय-१३० त्याच नावाने भरलेला असतो. मग वाट पाहण्याच्या काळात वेळ आहे म्हणून पासपोर्टवर नवं नाव घेतलं जातं, आणि पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला) जुन्या नावाची, डीएस-२६० अर्धा जुन्या नावाचा, पासपोर्ट नवा, असा गुंता होतो. आमचा ठाम सल्ला: फाइल चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलू नका. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने मिळतो, नाव नंतर तिकडे बदलता येतं. आधीच बदललं असेल तर जुना पासपोर्ट रद्द होऊन परत मिळतो तो जपून ठेवा, पीसीसी नव्या नावाने पुन्हा काढा, आणि डीएस-२६० मध्ये ‘इतर नावं’ या रकान्यात आधीची सगळी नावं लिहा, घरात बदललेलं पहिलं नावसुद्धा.

जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाचा रकाना कोरा असणं हीही नेहमीची अडचण. पूर्वी जन्माची नोंद दवाखान्यातून परस्पर व्हायची आणि नाव घालायचं राहून जायचं. नियमाने नाव पंधरा वर्षांच्या आत घालता येतं. तो काळ उलटून गेला असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मुदतवाढ चालू आहे का ते विचारा. नावाशिवायचा दाखला एकटा पुरत नाही. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र जोडा. नोंद जन्मानंतर कित्येक वर्षांनी केलेली असेल तरीही हेच. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतरकाराने दोन्ही भाषा आपल्याला येतात आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करावी लागते.

स्कॅन करताना दोन्ही बाजू एकाच फाइलमध्ये, रंगीत, पासवर्ड न घालता आणि संकेतस्थळाने सांगितलेल्या आकाराच्या आत ठेवा. विवाह दाखल्याच्या मागच्या बाजूला शिक्का असतो आणि लोक फक्त पुढची बाजू पाठवतात. तेवढ्यावर कागद परत येतो. परत आलेला कागद सुधारून पाठवला की तपासणीच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं, आणि डीक्यूची तारीख तितकी पुढे जाते.

पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलेली हवी. नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयातून मिळणारा दाखला वेगळा. फी ५०० रुपये. हल्ली तिची मुदत दोन वर्षं धरतात. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणी नव्याने होते आणि तिथेच उशीर होतो, म्हणून बंदच्या काळात घर बदललं असेल तर पीसीसीचं आधी पाहा. आखातात किंवा इतर देशात बारा महिने किंवा त्याहून जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. तो मिळवायला सर्वांत जास्त वेळ जातो, तेव्हा त्यालाच पहिला हात घाला.

पैशाच्या कागदांचं वय सगळ्यात कमी. आय-८६४, म्हणजे तिकडच्या जोडीदाराचं खर्चाचं हमीपत्र, भरताना दिलेली कराची कागदपत्रं मुलाखतीपर्यंत एक वर्ष मागे पडलेली असतात. अधिकाऱ्याला सगळ्यात अलीकडचं वर्ष बघायचं असतं. दर वर्षी रिटर्न भरून झालं की आयआरएसकडून (अमेरिकी करखात्याकडून) नवं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, उतरवून घ्या, सोबत डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला), शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि नोकरीचं ताजं पत्र. उत्पन्नाची अट गरिबी रेषेच्या १२५ टक्के आणि ती रक्कम दर वर्षी बदलते. दोन माणसांच्या कुटुंबाला २०२० मध्ये २१,५५० डॉलर लागत होते, २०२१ मध्ये २१,७७५.

त्या वर्षी पुष्कळ जणांच्या नोकऱ्या गेल्या किंवा तास कमी झाले. अशा वेळी दोन मार्ग. एक, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे खर्चाची हमी सोबत घेणारा: अमेरिकेत राहणारा, १८ वर्षांवरचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. त्याचं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या कुटुंबाला आणि येणाऱ्या माणसाला मिळून पुरायला हवं. दुसरा, मालमत्ता. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. उत्पन्न १५,००० आणि अट २१,५५० असेल तर तूट ६,५५० ची, म्हणजे १९,६५० डॉलर. बँकेतली शिल्लक सगळ्यात सोपी. इथली जमीन दाखवायची तर मूल्यांकन आणि विकून पैसा तिकडे नेता येईल याचा पुरावा लागतो, त्यात वेळ जातो. जॉइंट स्पॉन्सर मिळत असेल तर तोच धरा.

आणखी एक गोष्ट बंदच्या काळात नव्याने उभी राहिली. तिकडचा नागरिक ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणून इकडे येऊन राहिला. एकत्र राहायला मिळालं, नात्याचा पुरावाही झाला, पण स्पॉन्सर अमेरिकेत राहणारा असावा ही अट आहेच. म्हणून तिकडचं बँक खातं, भाडेकरार, वाहन परवाना, मतदार नोंदणी, कंपनीचं पत्र असे दोन-तीन पुरावे आणि परतण्याची तारीख हाताशी ठेवा.

मेडिकलबद्दल एकच नियम: मुलाखतीचं पत्र हातात आल्याशिवाय करू नका. साधारण सहा महिने मुदत, क्षयरोगाशी संबंधित काही निघालं तर तीनच महिने, आणि व्हिसाची मुदतही मेडिकलवरच ठरते. मार्च २०२० मध्ये ज्यांचं मेडिकल झालं आणि मुलाखत रद्द झाली, त्यांना ते नव्याने करावं लागलं. लसींची नोंद मात्र वाया जात नाही, म्हणून तिची प्रत मागून घ्या. काही महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या लसींचा पहिला डोस त्या भेटीत दिला तरी पुरतो. कोविडची लस याला अपवाद होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती सक्तीची झाली आणि पूर्ण मात्रा हवी होती. इकडे कोव्हिशील्डच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवड्यांचं अंतर, तिकडे मुलाखतीचं पत्र जेमतेम काही आठवडे आधी. ज्यांनी लस लांबणीवर टाकली त्यांची तारीख हुकली. ही अट २०२५ मध्ये काढली.

छातीच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरला आठ आठवडे लागतात. पूर्वी क्षयरोगाचा उपचार घेतला असेल तर जुने एक्स-रे आणि औषधोपचाराचे कागद आत्ताच शोधून ठेवा. घरात कपाटाच्या तळाशी पडलेली ती एक फिल्म डॉक्टरांना डाग जुना आहे की नवा हे सांगायला फार मदत करते. तारखेची वाट पाहत असताना करण्यासारखं यापेक्षा उपयोगी काम क्वचितच असेल.

तातडीची विनंती, म्हणजे एक्सपीडाइट, खऱ्या संकटातच मान्य होते. विरहाचा त्रास कितीही खरा असला तरी तेवढ्यावर केस पुढे सरकत नाही, आणि हे लिहितानाही वाईट वाटतं. जिवावरचं आजारपण असेल तर इस्पितळाच्या कागदावर डॉक्टरांचं सहीचं पत्र हवं: आजार काय, किती गंभीर, आणि जोडीदार तिथे असण्याची गरज का. ईमेलमध्ये केस नंबर, दोघांची पूर्ण नावं आणि जन्मतारखा, पत्र पीडीएफमध्ये. एनव्हीसी ती विनंती मुंबईकडे पाठवतं, हो-नाही कॉन्सुलेट ठरवतं. दुसरा रस्ता तिकडच्या मतदारसंघातल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचा. तिथे पिटिशनरच्या (आय-१३० भरणाऱ्याच्या) सहीचा प्रायव्हसी रिलीज फॉर्म, म्हणजे माहिती द्यायची संमती, भरावा लागतो. त्याने रांग मोडत नाही, पण हरवलेली किंवा अडकलेली फाइल नक्की सापडते. केस डीक्यू होऊन बराच काळ गेला आणि तुमच्या नंतर डीक्यू झालेल्यांना तारखा मिळत असतील, तर हाच रस्ता धरा.

नात्याचे पुरावे वाट पाहतानाच जमवत जा. विमानं बंद होती तेव्हा भेटीचे पुरावे नव्हते. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली आणि अमेरिकेबरोबर एअर बबल सुरू झाला तो जुलैत. हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक असतं. अशा काळाचे कॉलचे रेकॉर्ड, तारीख दिसणारे चॅट, पाठवलेले पैसे, विम्यात वारस म्हणून नाव, हे पुरेसं बोलतं. दर महिन्याचं एक-दोन पानं एवढंच ठेवा. जाडजूड गठ्ठा खिडकीवर कुणी चाळत नाही.

पत्र आलं की संकेतस्थळावर नोंदणी करून पासपोर्ट परत घेण्याचा पत्ता निवडायचा आणि बायोमेट्रिक्सची वेळ मुलाखतीच्या आधीची घ्यायची. ही वेळ मात्र तुम्हीच बुक करता. मेडिकल लगेच ठरवा. मुंबईखेरीज इतर काही मोठ्या शहरांतही मान्यताप्राप्त डॉक्टर आहेत. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे बाहेर सांभाळणारं माणूस बरोबर न्या. कागद मूळ आणि प्रत अशा जोड्यांनी, पारदर्शक फोल्डरमध्ये: पत्र, डीएस-२६० चं कन्फर्मेशन पान, पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह दाखला, आधीचा घटस्फोट किंवा मृत्यूदाखला, पीसीसी, मग आय-८६४ आणि नवे आर्थिक कागद.

खिडकीवर आधी कागद घेतात, बोटांचे ठसे घेतात, उजवा हात वर करून खरं सांगण्याची शपथ देतात. ठरवून केलेल्या लग्नात प्रश्न साधे येतात: स्थळ कुणी सुचवलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, लग्नानंतर किती वेळा भेटलात, ते काय काम करतात. बंदमुळे भेट झाली नसेल तर सरळ तसं सांगा. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. काही कागद कमी पडला तर २२१-जीची चिठ्ठी मिळते आणि सीईएसीवर ‘रिफ्युज्ड’ दिसतं. घाबरू नका, मागितलेला कागद चिठ्ठीवर सांगितलेल्या मार्गानेच पाठवा, त्यावरच केस पुढे जाते.

व्हिसा हातात आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि गट तिथेच वाचा. बंद पाकीट दिलं असेल तर फोडू नका, एक्स-रेची सीडी दिली असेल तर हातसामानात ठेवा. प्रवासाआधी यूएससीआयएसची (अमेरिकी इमिग्रेशन खात्याची) इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. तेव्हा ती २२० डॉलर होती, एप्रिल २०२४ पासून २३५ झाली आहे. ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत, पण शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो. आणि लांबलेल्या वाट पाहण्याचा एक फायदा पदरात पाडून घ्या. लग्नाला दोन वर्षं झाली की नाहीत हे प्रवेशाच्या दिवशी मोजतात. व्हिसावर सीआर-१ छापलं असलं तरी त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह दाखला दाखवून आयआर-१ म्हणून प्रवेश द्यायला सांगा. तो बदल झाला की दोन वर्षांऐवजी दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि दोन वर्षांच्या कार्डावरची अट काढण्याच्या आय-७५१ अर्जाचा सगळा खटाटोप टळतो. म्हणून विवाह दाखल्याची मूळ प्रत चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टबरोबर हातात ठेवा.